अमेरिकेतील काउंटी न्यायालयांच्या गुन्हेनोंदी : शोध कसा घ्यावा, अर्थ कसा लावावा

एखाद्या मुलाचे स्थळ आले की त्याचे गाव, धर्मग्राम आणि आजोळ येथे चौकशी करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती आजही उपयोगी पडते. परंतु मुलगा बारापंधरा वर्षे न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहिलेला असेल, तर गावची माणसे त्याच्या मधल्या काळाविषयी काय सांगणार? मग कोणीतरी म्हणतो, ‘अमेरिकेत सर्वांच्या पोलीस नोंदी इंटरनेटवर उघड्या असतात म्हणे, बघून घ्या की!’ दुसऱ्या बाजूने, तिकडे स्थायिक झालेले आपले बांधव धर्मशिक्षण वर्गावर शिकवायला पुढे आले की त्यांच्याकडून चारित्र्य पडताळणीच्या संमतिपत्रावर सही घेतली जाते आणि काहींना तो आपल्यावरील अविश्वास वाटतो. या दोन्ही प्रसंगी उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख सिद्ध केला आहे.

वरच्या वाक्यातील ‘म्हणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोंदी उघड्या असतात हे खरे. पण त्या पोलिसांच्या नसून न्यायालयाच्या असतात, एका जागी नसतात आणि सर्वच उघड्या नसतात.

काउंटीच का?

अमेरिकेत बहुसंख्य गुन्हे हे राज्याच्या कायद्याखालील गुन्हे असतात. चोरी, मारहाण, दारू पिऊन गाडी चालविणे, घरगुती हिंसा हे खटले राज्याच्या नावाने पण काउंटीच्या न्यायालयात चालतात. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मात्र आकाराने ती पुष्कळदा आपल्या तालुक्याएवढी असते. देशभरात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. एकट्या टेक्सासमध्ये २५४, तर डेलावेअरमध्ये अवघ्या ३. लुइझियाना राज्यात काउंटीला चक्क ‘पॅरिश’ म्हणतात आणि अशा ६४ पॅरिश तेथे आहेत. फ्रेंच आणि स्पॅनिश कॅथलिक राजवटीत धर्मग्रामांच्या सीमा हाच कारभाराचा आधार होता, त्याची ही खूण. तेव्हा तेथील कागदावर ‘पॅरिश कोर्ट’ असे दिसले तर ते चर्चचे न्यायालय समजू नये.

खटल्याचे कागद न्यायालयाचा क्लार्क सांभाळतो. हे पद आपल्याकडील कारकुनासारखे नसून पुष्कळ राज्यांत निवडणुकीने भरले जाते. न्यायालयीन कागद पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मान्य केले. मात्र १९८९ साली त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एफबीआयने देशभरातून गोळा केलेला एखाद्या व्यक्तीचा एकत्रित गुन्हे-तक्ता एका वार्ताहराला हवा होता. न्यायालयाने नकार दिला. काउंटीकाउंटीच्या दप्तरांत विखुरलेले कागद आणि त्यांचा संगणकाने केलेला एकत्र संग्रह यांत फार मोठे अंतर आहे, आणि त्या विखुरलेपणातच माणसाच्या खासगी आयुष्याचे काही रक्षण आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. आजही एफबीआयचा संग्रह सामान्य माणसाला उघडा नाही. म्हणून ज्याला शोध घ्यायचा आहे त्याला काउंटीच्या दारातच जावे लागते.

शोधाची पहिली पायरी : राहण्याचा इतिहास

प्रथम हवे ते संबंधित व्यक्तीचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ती कोणकोणत्या गावी किती वर्षे राहिली त्याची यादी. पत्त्यावरून काउंटी ठरते आणि येथेच पहिली चूक होते. एडिसन हे गाव मिडलसेक्स काउंटीत, तर जर्सी सिटी हडसन काउंटीत. न्यूयॉर्क शहर एक असले तरी काउंट्या पाच. मॅनहॅटनची काउंटी ‘न्यूयॉर्क’, ब्रुकलिनची ‘किंग्ज’ आणि स्टेटन आयलंडची ‘रिचमंड’ या नावाने दप्तरी आहे. डॅलस शहराचे काही भाग शेजारच्या काउंट्यांत पसरलेले आहेत. व्हर्जिनियात तर ३८ शहरे कोणत्याच काउंटीत मोडत नाहीत. शिवाय गुन्हा जेथे घडला तेथे खटला चालतो, राहत्या घरी नव्हे. एका काउंटीत राहणारा माणूस शेजारच्या काउंटीत गाडी चालवताना पकडला गेला, तर घरच्या काउंटीचे दप्तर कोरेच राहील. नोकरीचे ठिकाण आणि शेजारच्या काउंट्याही पाहाव्या लागतात त्या यामुळेच.

त्यानंतर त्या काउंटीच्या क्लार्कचे, किंवा राज्याचे एकत्रित असल्यास राज्य न्यायव्यवस्थेचे, अधिकृत संकेतस्थळ शोधावे. येथे राज्याराज्यांत मोठा फरक आहे. पेनसिल्व्हेनियात सर्व ६७ काउंट्यांची खटला-पत्रके एकाच सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तेथील खटल्याच्या क्रमांकातच काउंटी कळते. ‘सीपी-५१-सीआर’ अशी सुरुवात असेल तर ५१ म्हणजे फिलाडेल्फिया. याच राज्यातील काही काउंट्यांत दिवाणी कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘प्रोथोनोटरी’ म्हणतात. काही मोन्सिन्योरांच्या ‘प्रोटोनोटरी अपोस्टोलिक’ या पदवीशी हे नाव मिळतेजुळते वाटेल. दोन्हींचे मूळ एकच आहे. फौजदारी कागद मात्र त्याच्याकडे नसतात, ते ‘क्लार्क ऑफ कोर्ट्स’कडे. टेक्सासच्या बऱ्याच काउंट्यांत गंभीर गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे, तर किरकोळ गुन्हे काउंटी क्लार्ककडे असतात. एकाच ठिकाणी पाहून थांबले तर अर्धेच दिसते. न्यूयॉर्क राज्याचे न्यायालयीन प्रशासन ६२ काउंट्यांचा एकत्रित शोध घेऊन देते, त्याचे शुल्क ९५ डॉलर आहे. न्यू जर्सीत ‘फेलनी’ आणि ‘मिस्डिमीनर’ हे नेहमीचे शब्दच वापरात नाहीत. किरकोळ गुन्हे नगरपालिका न्यायालयात चालतात आणि काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयाच्या यादीत ते शोधून सापडत नाहीत.

काही काउंट्या अजूनही ऑनलाइन शोधाची सोय देत नाहीत. अशा वेळी न्यायालयात जाऊन तेथील सार्वजनिक संगणकावर पाहावे लागते, किंवा क्लार्कला शुल्कासह लेखी अर्ज करावा लागतो. महत्त्वाच्या कामासाठी पडद्यावरचे पान पुरे पडत नाही; शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्यावी.

काउंटीत जे मिळणार नाही

संघराज्याच्या कायद्याखालील गुन्हे, म्हणजे व्हिसातील लबाडी, टपालाने वा बँकेमार्फत केलेली मोठी फसवणूक, हे खटले काउंटीत नसतात. ते ९४ संघीय जिल्हा न्यायालयांत चालतात आणि ‘पेसर’ नावाच्या प्रणालीवर दिसतात. दर पानाला १० सेंट पडतात, पण तिमाहीचे बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर ते माफ होते. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा होऊन नोंदणी झालेल्यांची नावे २००५ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय सार्वजनिक संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. आपल्या देशात अशी सूची २०१८ साली तयार झाली, परंतु ती केवळ तपास यंत्रणांसाठी आहे.

अल्पवयीनांचे खटले सामान्यतः बंद असतात. न्यायालयाच्या आदेशाने मोहोरबंद केलेल्या वा पुसलेल्या नोंदीही दिसत नाहीत. पेनसिल्व्हेनियाने २०१८ साली, जुन्या किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी अर्जाशिवाय आपोआप मोहोरबंद करण्याचा कायदा सर्वप्रथम केला. मग अनेक राज्यांनी तो मार्ग धरला आणि न्यूयॉर्कचा तसा कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये अमलात आला. ज्याने शिक्षा भोगली आणि पुढे वर्षानुवर्षे सरळ जीवन जगला त्याला पुन्हा उभे राहू द्यावे, हा त्यामागील विचार. आम्हाला तो ख्रिस्ती मनाला पटणारा वाटतो, मग शोध घेणाऱ्याची थोडी अडचण का होईना.

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला नव्हे

आमच्या मते या संपूर्ण विषयातील खरा धोका येथे आहे आणि आपल्या समाजाला तो इतरांपेक्षा अधिक आहे. न्यायालयाच्या यादीत बोटांचे ठसे नसतात. शोध नावाने होतो. आपली आडनावे पोर्तुगीज वारशाची. लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस, डिसोजा ही आडनावे अमेरिकेत ब्राझील, केप व्हर्द आणि पोर्तुगालहून आलेल्या असंख्य कुटुंबांचीही आहेत, तर त्यांची स्पॅनिश रूपे लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांची. मॅसॅच्युसेट्सच्या ब्रिस्टल काउंटीत, फॉल रिव्हर आणि न्यू बेडफर्ड या गावांत, पोर्तुगीज वंशाची वस्ती इतकी दाट आहे की तेथे ‘अँथनी परेरा’ असे नाव टाकले तर एकापेक्षा अधिक माणसे निघाल्यास नवल नाही. नाताळात आलेल्या पाहुण्याने भ्रमणध्वनीवर नाव टाकावे, ‘मारहाणीचा आरोप’ असे दिसावे आणि दुसऱ्या दिवशी ही वार्ता गावभर व्हावी, इतके हे सोपे आहे. सुतावरून स्वर्ग गाठणे म्हणतात ते हेच.

उलट बाजूही आहे. डिमेलो हे आडनाव इंग्रजीत ‘डी’नंतर ॲपॉस्ट्रॉफी देऊन, न देऊन किंवा मध्ये जागा सोडून लिहिले जाते आणि संगणक ही तीन वेगळी नावे समजू शकतो. पारपत्रावर वडिलांचे नाव मधले नाव म्हणून असते; न्यायालयाच्या कागदावर कधी ते पूर्ण येते, कधी एक अक्षर, कधी मुळीच नाही. लोपीस हे पोर्तुगीज रूप तेथील कारकुनाने स्पॅनिश पद्धतीने ‘झेड’ लावून लिहिले, तर खरी नोंद निसटून जाते. शोध घेताना ही सारी रूपे टाकून पाहावीत.

केवळ नावावर विसंबल्याने काय होते याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका मोठ्या पतमाहिती कंपनीने ग्राहकांची केवळ नावे आणि आडनावे सरकारच्या दहशतवादी व अमली पदार्थ तस्करांच्या यादीशी ताडून पाहिली आणि ८,१८५ लोकांच्या नोंदीवर ‘यादीतील नावाशी जुळण्याची शक्यता’ असा शेरा मारला. त्यांतील १,८५३ जणांचे अहवाल बाहेर इतरांच्या हाती गेले होते. दाद मागणारा मनुष्य स्पॅनिश आडनावाचा होता. मोटार विकत घ्यायला गेला असता त्याला ती नाकारण्यात आली होती. २०२१ सालच्या निर्णयात न्यायालयाने त्या १,८५३ जणांनाच दाद मागण्याचा हक्क दिला. जन्मतारीख ताडून पाहिली असती तर हा प्रसंग टळू शकला असता.

गंमत अशी, की जन्मतारखेने शोधणे आता काही ठिकाणी कठीण झाले आहे. खासगीपणाच्या रक्षणार्थ असलेल्या नियमामुळे न्यायालयाच्या सार्वजनिक यादीत जन्मतारीख टाकून शोध घेऊ देता येत नाही, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने रिव्हरसाइड काउंटीच्या प्रकरणात २०२१ साली दिला. तेथे मग खटल्याचे मूळ कागद काढून वय, पत्ता, मधले नाव अशा खुणांवरून ओळख पटवावी लागते. निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय नोंद त्या व्यक्तीची मानू नये, असे आम्ही सुचवितो.

नोंद वाचताना

नोंद त्याच माणसाची आहे असे ठरले, तरी ती वाचता यायला हवी. अटक म्हणजे गुन्हा नव्हे, आणि आरोप म्हणजे शिक्षा नव्हे. पाहायचा तो ‘डिस्पोझिशन’ हा रकाना, म्हणजे खटल्याचा शेवट. ‘डिसमिस्ड’ असल्यास खटला काढून टाकला गेला. ‘नोले प्रोसेक्वी’ हे लॅटिन शब्द असल्यास सरकारी वकिलानेच तो पुढे नेला नाही. ‘नोलो कंतेंदेरे’ म्हणजे आरोपीने गुन्हा कबूलही केला नाही व लढाही दिला नाही. याचा परिणाम मात्र बहुधा शिक्षेतच होतो. टेक्सासमध्ये ‘डिफर्ड ॲडजुडिकेशन’ असा प्रकार आहे. न्यायाधीश दोषी ठरविण्याचे लांबणीवर टाकतात, आरोपीने अटी पाळल्या तर खटला संपतो. पण वेगळा आदेश घेतला नाही तर नोंद मागे उरते. पहिला आरोप गंभीर आणि अखेरची कबुली किरकोळ गुन्ह्याची, असेही पुष्कळदा दिसते, कारण तेथील बहुतेक खटले तडजोडीनेच मिटतात.

‘एका मिनिटात राष्ट्रीय शोध’ अशी जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. ती विकत घेतलेल्या, अर्धवट व शिळ्या नोंदींवर चालतात. २०२३ साली अशा दोन संकेतस्थळांच्या चालकांनी संघीय व्यापार आयोगाशी तडजोड करून ५८ लाख डॉलर भरले. साध्या वाहतूक दंडाच्या पावतीवरून लोकांची ‘गुन्हेनोंद’ असल्याचे भासवून सदस्यत्व विकल्याचा आरोप त्यांच्यावर होता.

रीतसर पडताळणी संस्थांना १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायदा लागू आहे. नोकरीसाठी अहवाल मागविताना मालकाने उमेदवाराला स्वतंत्र सूचना देऊन लेखी संमती घ्यावी लागते. भावी सासऱ्याचे कुतूहल हे त्या कायद्यात बसणारे कारण नाही. त्या व्यक्तीच्या लेखी संमतीनेच तसा अहवाल घेता येतो. सोयरिकीत आम्हाला हाच मार्ग सरळ वाटतो. मुलाने स्वतः एफबीआयकडून आपला नोंद-सारांश मागवावा. बोटांचे ठसे आणि १८ डॉलर शुल्क लागते व ज्याचा त्यालाच तो मिळतो. ठशांवर आधारलेला असल्याने नावसाधर्म्याचा प्रश्न येत नाही. मात्र त्यात अटक दिसते आणि निकाल पुष्कळदा नोंदलेलाच नसतो, तेव्हा निकालासाठी पुन्हा काउंटीच. पूर्वी नागरी विवाह झाला होता काय, हे पाहण्यासाठीही विवाह परवाना देणारे काउंटीचे कार्यालय उपयोगी पडते, कारण विवाहस्वातंत्र्याचा प्रश्न धर्मगुरूंसमोर येणारच असतो.

येथे चर्चच्या कायद्यातील दोन कलमे एकत्र वाचावीत. कलम १०६९ नुसार, विवाहातील अडथळा ठाऊक असल्यास तो धर्मगुरूंना किंवा महागुरूंना कळविणे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. कलम २२० नुसार, कोणाच्याही सत्कीर्तीला अन्यायाने बाधा आणण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणजे सापडलेला कागद प्रथम त्या मुलासमोर आणि गरज पडल्यास धर्मगुरूंसमोर ठेवावा, व्हॉट्सॲपवर नव्हे.

धर्मग्रामातील स्वयंसेवक

२००२ साली बॉस्टनमधील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यावर अमेरिकेच्या महागुरूंनी जून महिन्यात डॅलस येथे बालके व तरुणांच्या रक्षणाची सनद स्वीकारली. तिच्या कलम १३ नुसार धर्मगुरू, उपगुरू, कर्मचारी आणि मुलांशी संबंध येणारे स्वयंसेवक यांची पूर्वपीठिका तपासली जाते. पेनसिल्व्हेनियात राज्याचा कायदाही तेच सांगतो. गेली सलग १० वर्षे त्या राज्यात न राहिलेल्या स्वयंसेवकाला बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि दर ६० महिन्यांनी पडताळणी नव्याने होते. नुकतेच स्थलांतर केलेले आपले बांधव साहजिकच या नियमात येतात. मिस्सेतील वेदीसेवकांना शिकविणारी आजीबाईही त्यातून सुटत नाही. यात अपमान मानण्याचे कारण नाही.

परंतु कोरा अहवाल म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र, असाही समज करून घेऊ नये. महागुरूंच्या परिषदेच्या विनंतीवरून जॉन जे कॉलेजने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप झाल्याचे आढळले. न्यायालयात शिक्षा झालेले त्यांतले फार थोडे. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या नावाने कोणत्याही काउंटीच्या दप्तरात काही सापडले नसते. बहुतेक तक्रारी न्यायालयापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. म्हणूनच सनदेत पडताळणीबरोबर प्रशिक्षण आणि तक्रारीची नागरी अधिकाऱ्यांना माहिती देणे, हेही आहे.

नोंद चुकीची असल्यास

अहवालात दुसऱ्याचीच नोंद आपल्या नावावर आली, तर घाबरून राजीनामा देऊ नये. नोकरी नाकारण्यापूर्वी मालकाने अहवालाची प्रत आणि हक्कांची माहिती देणे बंधनकारक आहे. ती प्रत घेऊन संबंधित काउंटीच्या क्लार्ककडे खटला क्रमांकासह अर्ज करावा व निकालाची प्रमाणित प्रत मागावी; मूळ कागदावरील जन्मतारीख किंवा वर्णन आपले नाही हे त्यावरून दाखविता येते. मग पडताळणी संस्थेकडे लेखी हरकत नोंदवावी. तिला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत फेरतपासणी करावी लागते आणि चूक सिद्ध झाल्यास नोंद काढावी लागते. खटला आपलाच होता पण काढून टाकला गेला होता, अशा स्थितीत नोंद पुसण्याचा किंवा मोहोरबंद करण्याचा अर्ज ज्या काउंटीत खटला चालला तेथेच करावा लागतो. त्यासाठी तेथील स्थानिक वकिलाचा किंवा विनामूल्य कायदेसाहाय्य संस्थेचा सल्ला घ्यावा. व्हिसा वा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल, तर नोंद पुसण्यापूर्वीच प्रमाणित प्रत काढून जपून ठेवावी, कारण परराष्ट्रीय नागरिकांना पुसलेल्या खटल्याचीही माहिती स्थलांतर खात्याला द्यावी लागते आणि नंतर तो कागद क्लार्ककडून मिळणे अवघड होते.